फरक

खडकीच्या पॉलिक्लिनिकात सकाळी सातला
टोकन मिळतं सव्वीस नंबरचं.
माझ्या आधीचे पंचवीस जण
रांगेत उभं राहायला अजून विसरलेले नाहीत.
पाठी सरळ, कागद प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीला रबर.

आमचे हे तोफखान्यातले. हवालदार घनवट.
डावा कान तिकडेच राहिला,
उजवा अर्धाच घरी आला.
लग्नानंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं,
माणूस विचारात असतो.

"तुम्हाला काय, सगळं फुकट!"
वरच्या मजल्यावरच्या बिडकरवहिनी म्हणतात.
मी हो म्हणते.
या फुकटाची एक वही आहे माझ्याकडे,
दोनशे पानी, मुलाची नववीची,
भूगोलाच्या नकाशांनंतर कोरी राहिलेली.

दापोडीहून रिक्षा, कारण बसची पायरी उंच: ऐंशी.
शुगरची गोळी, खिडकीत 'उपलब्ध नाही'चा शिक्का,
म्हणून बाहेरून: चारशे बारा.
बिलाच्या तीन झेरॉक्स: सहा.
मेडिकलवाल्याचा शिक्का पुसट आला,
म्हणून परत रिक्षा. ऐंशी.
चहा, एक.
(दोन होते. माझा लिहिला नाही.)

चारशे बारा परत येतात. येतात, खोटं कशाला बोलू.
कधी दिवाळीनंतर, कधी होळीला,
थोडे कमी होऊन,
लांबच्या प्रवासातून आल्यासारखे.
रिक्षाचे येत नाहीत.
रिक्षाला कुठल्या फॉर्ममध्ये रकानाच नाही.

कानाच्या मशीनचं थोपट्यांनी समजावलं.
तेही फौजेतलेच, आता खिडकीच्या आत.
पाठकोऱ्या कागदावर दोन रेघा मारल्या, पट्टीशिवाय, सरळ:
"वहिनी, ही मशीनची किंमत.
ही मंजूर मर्यादा.
मधला तो फरक. तो तुमचा."

फरक म्हणजे मला माहीत होता तो पेन्शनचा.
एकदा एकरकमी आला होता,
गच्चीवर पत्रे पडले त्यातून.
आणि डॉक्टरीणबाई विचारतात तो,
"काय काका, फरक वाटतोय का?"
हे मान डोलावतात. काय विचारलं ते ऐकू न आल्यावरही
मान तशीच डोलते.
आता हा तिसरा. आमच्या नावावर झालेला.

दुकानात मुलगी चांगली होती. प्राची का प्रांजली.
मर्यादेतलं मशीन आधी लावलं.
ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या:
पंखा ऐकू आला, रस्त्यावरची बुलेट,
कुणाचा तरी मोबाईल,
सगळं एकदम, एकाच आवाजात, माणसं कुठे हरवलेली.
मग तिनं दुसरं लावलं.
मला म्हणाली, काकू, मागे जाऊन उभ्या राहा,
दाराजवळ. काहीतरी बोला.
हळू.

काय बोलावं सुचेना.
तीस वर्षं ओरडून बोललेल्या बाईला
हळू काय बोलायचं असतं?
हातात थोपट्यांचा कागद होता.
त्याच्यावरचंच पुटपुटले:
एकोणीस हजार सातशे.

हे वळले नाहीत.
समोर बघत म्हणाले,
"पहिलंच चालेल."

मुलगी हसली. "बघा! किती स्वच्छ ऐकू आलं!"

"विचार करून सांगतो," मी म्हटलं,
आणि दोन्ही मशीनं तिच्या डबीत परत गेली.

हॅरिस पुलावर रिक्षा अडकली.
खाली मुळा, तिचा तो हिरवा वास.
ह्यांनी कागदांची पिशवी मांडीवर ठेवलेली, रबरासकट.
मी डाव्या अंगाला बसले होते.
ज्या गोष्टींवर वाद नको असतो
त्या मी नेहमी तिकडूनच सांगते.

"दुसरं घेतोय आपण," मी म्हटलं.
हे पुढच्या ट्रकची नंबरप्लेट वाचत होते.

मग वही काढली,
आणि हलत्या रिक्षात, पेनानं,
रक्कम मांडून टाकली.