अकरा स्क्रू

पहिल्यांदा लिहिलं मांजराचं नाव.
मग त्याच मांजराचं नाव, पुढे जन्मसाल.
मग रागाने काहीतरी, जे पुन्हा लिहिणार नाही.
तिसऱ्या चुकीनंतर पडदा काळाच राहिला
आणि एक लांबलचक आकडा दाखवून गप्प झाला,
जसा खिडकीपलीकडचा कारकून
टोकन देतो आणि मान खाली घालतो.

विंडोज सुरू व्हायच्याही आधीचं हे दार.
मीच बसवलेलं. अकरा वर्षांपूर्वी,
तळघर फोडून कुणी सायकल नेली,
सोबत दोन पोती बटाटे,
त्या आठवड्यात.
चोराला आठवणार नाही असा शब्द शोधला होता.
चांगला शोधला.

लिएपायात ट्राम एकच. चढलं की चुकायची सोय नाही.
लॅपटॉप लोकरी शालीत गुंडाळून मांडीवर घेतला,
समुद्राकडून वारा असा, की डब्याची दारं
स्वतःशीच बोलत होती.

आइनार्सचं दुकान बाजारामागे, तीन पायऱ्या खाली.
त्याने झाकण उघडलं, आकडा वाचला,
आणि विचारलं,
"बिल आहे का?"

नाही.
"खोका?"
त्यात कांदे ठेवले, मग खोका कुजला.
"मग हा तुमचाच, हे मी कशावरून मानू, वेल्गाबाई?"

बरोबर होतं त्याचं. चोरही हेच म्हणाला असता,
चोर कदाचित माझ्यापेक्षा नीट म्हणाला असता.
म्हटलं, उलटा कर. डाव्या कोपऱ्यात
मेणबत्तीचा डाग, वीज गेली त्या रात्रीचा.
आता कळा बघ. अक्षरं सगळी धड आहेत.
झिजलाय तो फक्त अपॉस्ट्रॉफी,
कारण आमच्या भाषेत स्वर लांबवायचा
तर आधी ही कळ दाबायची,
आणि मी लांबवते. मला घाई नसते.

त्याने बोट फिरवलं त्या गुळगुळीत कळेवरून.
काही बोलला नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

अकरा स्क्रू, बशीत.
पंख्यात माझी लोकर निघाली,
तांबडी, करडी, एक हिरवा धागा
ज्याचे मोजे मी कधीच पुरे केले नाहीत.
मग तळाशी ती: नाण्याएवढी बॅटरी.
"जुनं यंत्र आहे म्हणून," तो म्हणाला,
"नव्यांच्या चिपमध्ये पासवर्ड जळवेसारखा चिकटतो,
बॅटरी काढून उपयोग नसतो.
याला मात्र थोडा वेळ उपाशी ठेवला
की विसरेल."

आम्ही चहा घेतला. वीस मिनिटं.
आत माझे एकशे चौदा हातमोजे होते,
चौकटी-चौकटींनी काढलेले,
काळी चौकट, पांढरी चौकट,
आईच्या गावचे, सासूच्या गावचे,
आणि एक नमुना जो कुठल्याच गावचा नाही, माझा.
शनिवारी इल्झेच्या मुलीचं लग्न,
आहेराच्या मोज्यांचा अंगठा अजून बाकी.
हे सगळं मी त्याला सांगितलं.
त्याने विचारलं नव्हतं.

बॅटरी बसवली. बटण दाबलं.
पडद्याने शब्द मागितला नाही.
मागितली तारीख.
त्याच्या मते आज
दोन हजार नऊ, एक जानेवारी, मध्यरात्र.
म्हणजे मांजर जिवंत, सायकल तळघरात,
आणि मी अजून काहीच लपवलेलं नाही.

एक क्षण तसंच राहू द्यावंसं वाटलं.
मग आइनार्सने भिंतीवरचं कॅलेंडर बघून
आजचा दिवस भरला.

"पंधरा युरो. नवा पासवर्ड ठेवायचा?"
नको म्हटलं.
परतीच्या ट्राममध्ये शाल सोडून
कळांवर बोटं ठेवली, झाकलेल्या पडद्यासमोर.
दार उघडलं होतं, मोजे सापडले होते,
पण तो शब्द? तो कुणीच वाचला नाही.
यंत्राने पुसला. मी हरवला.
एवढं जपून ठेवलं होतं मी काहीतरी
आणि ते काय होतं, हे आता
जगात कुणालाच माहीत नाही.

करंगळी एकदा आपोआप
त्या झिजलेल्या कळेकडे सरकली.
म्हणजे त्यात एक लांब स्वर होता.

एवढंच.