पट्टा आधी आवळ

एल्रॉय, हा वेडर नीट बघून घे.
छातीपर्यंत येतो. तुझ्या आत्तेने कॅनडाहून पाठवलेला,
तेव्हा अख्खं मनोरी हसलं होतं,
मुंबईत कसली रे थंडी, कैतान?
हसू दे.
सोळा अंश हा आकडा घरात बसून वाचायचा असतो.
पहाटे पाचला, खाडीच्या तोंडाशी,
कंबरभर पाण्यात, पाठीवर मतलई घेऊन
दोन तास उभं राहायचं,
मग सोळाचे किती उरतात ते गुडघ्यांना विचार.
तुझ्या बापाने विचारलं नाही.
वीस वर्षं हाफपॅन्टवर उतरला,
वेडर आला तोवर गुडघे गेले होते.

आत लोकरीचे मोजे. सुती नकोत,
सुती मोजा घाम पितो नि गार होऊन बसतो.
डाव्या गुडघ्यावरचं ठिगळ माझं,
कालवांनी फाडलं होतं. सायकलच्या ट्यूबचं आहे, टिकेल.
उन्हात मात्र वाळत घालू नकोस, सोल्यूशन सुटतं.
उलटा करून, सावलीत, दोरीवर.
रात्री कुणी दचकलं तर दचकू दे.

आणि पट्टा.
काठी विसरलास तर परत येशील,
पट्टा विसरलास तर सांगता येत नाही.
पाय घसरला तर पाणी पट्ट्यापाशी अडतं.
पट्टा नसेल तर
दोन्ही पायांचे दोन हंडे होतात,
भरलेले.

काठी साडेसात फुटी पुरे.
लांब काठी तिवरांत अडकते,
आणि तिवर मागितलेलं परत देत नाही.
दोरा विणलेला, तीस पौंडी,
पुढे हातभर जाड तंगूस, चाळीसचा.
जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी,
नुसता दोरा तो चालता चालता कापतो.
गाठ आवळण्याआधी थुंकी लाव.
कोरडी गाठ तापते, आणि जिथे तापते
तिथेच तुटते.
रीळ ढिलं ठेव, तुला वाटतं त्याहून थोडं ढिलं.
त्यात खोबरेल घालू नकोस कधी,
जानेवारीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल घाल, दोन थेंब,
तेही गोड्या पाण्याने धुतल्यावर.

उधाणाला जाऊ नकोस, पाणी गढूळ, ओढ फार.
भांगाच्या दिवसांत जा,
ओहोटी सुरू होते ना, तेव्हा बोयटं
तिवरांतून लहान नाळीने बाहेर पडतात.
तो त्या तोंडाशीच असतो. दिसत नाही.
चिखलात पाऊल उचलून टाकू नकोस, घासत चाल,
पाखटाला कळू दे कोण येतंय.
पुढे बांबू टेकव, मगच तू.
भरतीचं पाणी पोटरीला उलटं लागलं
की निघ.
मासा लागलेला असला तरी?
हो.
(मी एकदा थांबलो होतो. ते नंतर कधीतरी.)

लागेल तेव्हा आवाज येईल,
ओल्या पाटावर कणकेचा गोळा आपटल्यासारखा.
झटका देऊ नकोस. त्याला वळू दे.
तो उडी मारेल, तेव्हा काठी खाली,
पाण्याला टेकव, वाकून.
माणसं नेमकं उलटं करतात.

आणि मग बापाला फोन कर.
वसईला, तिसऱ्या मजल्यावर, पाय पाटावर ठेवून
चारपासून जागाच असेल.
फोटो पाठवू नकोस, त्याला नीट दिसत नाही.
वजनही सांगू नकोस, त्यावर तो विश्वास ठेवत नाही,
स्वतःच्याही नाही.
पाण्याचा रंग सांग. वारा कुठून होता ते सांग.
कुठली गाठ टिकली ते सांग.
तो बराच वेळ काही बोलणार नाही.
मग विचारेल, पट्टा कुठे बांधला होतास?
बरगडीखाली, असं सांग.
खरं असेल तर.