तोळ्याला गुंजभर जास्त

चोच काळी आहे तोवर बाप भरवतो.
पस्तिसाव्या दिवशी तिच्या मुळाशी केशरी येतं,
कसाच्या दगडावर रेघ उमटते तसं,
पुसट, पण खोटं नव्हे.
मी सोनार. रेघ ओळखतो.

झेब्रा फिंचची जोडी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून.
राळे दोन किलो. मासळीवालीकडून माणकीचं हाड, फुकट.
"पाखरांना? शेट, तुला काम नाही?"
नव्हतंच. लोक आता शोरूममधून तयार घेतात.
मागच्या पडवीत, जिथे मूस तापायची,
तिथे जाळी ठोकली, करवंटीत काथ्या भरला.
पाच अंडी. चार पिल्लं. उडाली तीन.
चौथं अबोलीच्या मुळाशी पुरलं,
सुलक्षाला सांगितलं नाही.

चाळिसाव्या दिवशी बापाने धाकट्याच्या पाठीचं पीस उपटलं.
करवंटीत नवी अंडी होती.
कालपर्यंत घशात घास सोडणारा
आज दांडीवर टेकू देईना.

रात्री दिवा मालवून एकेक धरलं.
मूठ आवळायची नाही, सैल सोडायची नाही,
एवढं हाताला आधीच येत होतं.
सवयीने काट्यावर ठेवलं, मलमलीच्या थैलीत.
थैली वजा जाता
एक तोळा, वर गुंजभर.
काटा काही केल्या स्थिर होईना.

डाग देऊन जोडणं माझं काम.
तोडायचं म्हटलं की करवत कुठे ठेवली
तेच आठवत नाही.

दुसरा पिंजरा शेजारी टेकवला, ती चूक.
पहाटे तिन्ही जाळीला चिकटलेली,
आणि पलीकडून बाप, तोच, पीस उपटणारा,
जाळीला पाठ लावून झोपलेला.
पिंजरा उचलून दुकानात नेला, ऐरणीजवळ.

दोन दिवस हाका. मग नाहीत.
माद्या आवेलीनबाय चपलांच्या खोक्यात घेऊन गेली.
"जोडी मरे?"
"नव्हे. बहिणी."

राहिला एक. गाल तांबूस होत आलेत.
काल अंगठी ठोकत होतो,
त्याने बापाचं गाणं म्हटलं,
शेवटचा सूर खाऊन.
माझी हातोडी वरच राहिली.

बाविसाव्या वर्षी बाबांनी मला वेगळी ऐरण दिली
आणि आसगावात भाड्याची खोली.
का, ते विचारलं नाही.
ते चार ठोके मारून थांबायचे.
मी तीन मारतो.

राळे संपत आलेत.
शुक्रवारी आणायचे,
या वेळी दोन पुड्यांत.