साडेअकरा आणे

आंबा चौदा आण्यांत उतरवायचा,
हे मला कुणी शिकवलं नाही. शेडमध्येच वाढले.
खांदे वर आलेले, देठाशी खळी,
हिरव्यातच कुठेतरी पिवळ्याचा विचार.
त्याआधी घळ लावली तर
चीक उडतो, कातडी भाजते,
आणि आंबा पिकतो खरा, पण मनापासून नाही.

मी साडेअकरा आण्यांत उतरले.
वैशाखात यायची, ती माघात.
बागेत तेव्हा फळ वाटाण्याएवढं.
अकराशे ग्रॅम, म्हणजे
पहिल्या प्रतीचे चार नग.

कणकवलीला काचेची पेटी एकच,
तिच्यात आधीच कुणाचा तरी मुलगा.
बाबांनी आमचीच पेटी आणली, देवदारी, चार डझनी,
खाली गवत, वर कापूस, साठचा बल्ब.
आई शाईच्या ड्रॉपरने दूध घालायची
आणि रात्रभर श्वास मोजायची.
मोजताना चुकली, की पुन्हा एकपासून.

"आढीत पिकवलेली पोर" म्हणायचे तारामुंबरीत, कौतुकाने.
मीही सांगायचे, पाहुण्यांना, हसून.
किल्ल्याच्या चढणीला धाप लागायची
तिला घरात नाव होतं : नाजूक.

मागच्या मंगळवारी दाढ काढायला गेले.
दातवाल्याने आधी दंडाला पट्टा बांधला,
फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला.
एकशेबावन्न, शहाण्णव.
"दाढ राहू दे," म्हणाला, "समोरच्या खोलीत जा."

समोरच्या खोलीत नवी डॉक्टर, बिर्जे.
तंबाखू? नाही. मिसरी? नाही.
आईला बीपी? बाबांना? नाही, नाही.
वय पस्तीस, नाव प्रणिता सारंग, काम ग्रेडिंग.
मग पेन खाली ठेवून :
"कितव्या महिन्यात जन्मलात?"

पस्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
लग्न ठरवतानाही नाही.

केसपेपरच्या पाठीवर तिने नळ्या काढल्या, वेड्यावाकड्या.
शेवटच्या आठवड्यांत, म्हणाली,
रक्तवाहिन्या ताणायला आणि सैल व्हायला शिकतात.
हृदय तेव्हा पाण्यातलं काम करतं,
आईच्या भरवशावर, सावकाश.
तुमच्याला हवेतलं काम लावलं, शिकायच्या आत.
त्याने ते केलं.
भिंत थोडी जाड करून केलं असेल. बघू.
सगळ्यांचं असं होत नाही,
पण लवकर आलेल्यांत जास्त दिसतं.

मला साका आठवला.
बाहेरून रंग, वास, सगळं बरोबर,
सुरी घातली की कोयीजवळ पांढरट, आंबट, स्पंजासारखं.
तसंच ना, विचारलं.
ती कोल्हापूरकडची, तिला साका समजवावा लागला.
समजल्यावर म्हणाली, "छे.
तो आंबा तुम्ही बाजूला टाकता.
तुम्हाला कुणी टाकत नाहीये.
शुक्रवारी इको, रोज सकाळी ही गोळी,
मीठ अर्ध्यावर, चालणं, आणि वर्षातून एकदा इथे.
बरं वाटलं तरी."

घरी आईला सांगितलं. अर्धंच.
ती खाऱ्या बांगड्याची बरणी पुसत होती,
पुसतच राहिली.
"माका वाटलेलां," म्हणाली,
"तू पेटयेतून भायर इलंस, तां थंयच सरलां."
मग बरणी उचलून माळ्यावर ठेवली,
जिथे माझा हात पोचत नाही.
"त्या दिसात मी पाणी भरूक गेललंय," म्हणाली.
"दोन कळशे."
डॉक्टरने कळशांचं काहीच विचारलं नव्हतं.
ते मी तिला दोनदा सांगितलं.

इकोत भिंत जाड निघाली, थोडीच,
मिलिमीटरने मोजण्याइतकी.
शनिवारी मी पुन्हा शेडमध्ये,
दोनशे चाळीसच्या वर एकीकडे, खाली दुसरीकडे.
हातात घेतलेला प्रत्येक आंबा
नेहमीपेक्षा क्षणभर जास्त धरला,
त्याने काही कळत नाही, तरी.

रात्री आई माझ्या खोलीत झोपायला आली.
पंखा बंद कर म्हणाली, आवाज होतो.
दर्याची गाज होतीच, ती बंद होत नाही.
बऱ्याच वेळाने पाठीवर तळवा.
मी जागी आहे, हे सांगितलं नाही.
एकाहत्तरला ती चुकली.
एक.