जयगाव

एस.टी.तून सुटल्यावर लोटनने
जुन्या मॅटॅडोरच्या पोटात संसार मांडला.
दोन बाक, स्टोव्ह, छताला पंखा,
सगळं बसलं.
रेडिओ तेवढा बसेना.
पत्र्याच्या आत नुसती खरखर,
कुणी रात्रभर दादर पाखडतंय जशी.

प्रकाशाला तापीकाठी गाडी लावली.
त्याने खिडकीतून तांब्याची तार काढून
बाभळीला बांधली,
दुसरी ओल्या वाळूत हातभर गाडली,
वर तांब्याभर पाणी, रोप लावल्यासारखं.
खरखर जराशी पातळ झाली.

मग एकेक बंद करत गेला.
पंखा. ट्यूब.
शेवटी माझ्या मोबाइलचा चार्जर उपटला

आणि कुणीतरी शेजारी येऊन
केळीचे भाव सांगू लागलं.
"उनं! उनं जयगाव!"

रावेर, सावदा, फैजपूर…
मी हसले.
नऊला सुरतेहून भटूचा फोन यायचा होता.
बॅटरी तीन टक्के.

लोटनचे डोळे मिटलेले, कान जाळीला टेकलेला,
डेपोत इंजिनाला लावायचा तसाच.

चार्जर मांडीवर घेऊन बसले,
हवामान संपेपर्यंत.