सरकी

पंचफुलाला आधी बोटांनी सांगितलं.
तीस वर्षं जिनिंगात सरकी चाचपलेली बोटं,
कापूस कुठं संपतो ते त्यांना कळतं.

मग मारेगावच्या बाजारात तपासणीची गाडी आली.
दोन पाट्यांत छाती दाबून
यंत्रावरची पोरगी म्हणाली, श्वास रोखा.
"किती येळ?"
पोरगी हसली. बाई हसली नाही.

पडद्यावर काळ्या रानात पांढरा ठिपका.
"हेच त सांगत होती मी तुमाले."

वर्ध्याला सर्जनबाईनं निळं औषध टोचलं
आणि थांबून राहिली,
पाटाचं पाणी आधी कोणत्या सरीत शिरतं
ते बघत बांधावर उभं राहावं तशी.
काखेतली पहिली गाठ निळी झाली.
तेवढीच काढली. तिच्यात काही नव्हतं.
बाकीच्या राहू दिल्या,
हाताला हात राहू दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे संडासातून हाक:
"ओ शिस्टर, मी त निळं मुतली वो!"
अख्खा वॉर्ड टाके धरून हसला.

आता ती उजवा हात रोज वर नेते, मोजते:
काल खुंटीपर्यंत,
आज लुगड्याच्या दोरीपर्यंत.
पदर मात्र अजून
दोन्हीकडून सारखाच ओढते.