वाटो

मालप्याहून निघालो तेव्हा वाक्य तयार होतं.
कारवारला बस थांबली, तिथं एक शब्द काढला,
बांद्याला एक घातला.
तिकिटाच्या मागं बॉलपेननं लिहूनच ठेवलं,
फादरसमोर जीभ अडेल म्हणून.

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर उतरलो तर पहाटेचे साडेपाच.
कुणी ओळखलं नाही. बरं वाटलं.

अकरा वर्षं मी उजेडावर पोट भरलं.
बोटीच्या कुशीला पांढरे दिवे, खाली जनरेटरची धडधड,
आणि मध्यरात्री पाण्याला वाटायचं, फटफटलं.
मासळी वर यायची, पिल्लांसकट,
बोटाएवढी तारली, कोवळे बांगडे,
सगळी तोंड वर करून.
एकदा जाळ्यावर वाकून बघताना वाटलं,
मी ह्यांच्यातलाच.
असाच आलो होतो वर, झगमगतंय म्हणून.
मग तांडेलानं हाक मारली
आणि ते वाटणं मी बर्फाखाली घातलं.

बाप, इनास, रापणीतला.
त्याला कळलं होतं मी कसल्या बोटीवर आहे.
फोनवर एवढंच म्हणाला,
"हंय काय्येक गावना नाय रे आता."
रागावला असता तर सोपं होतं.
त्याला मातीत ठेवला त्या रात्री
मी गोव्याच्या पाण्यात होतो,
दिवे लावून.

इगर्जीची वाट किनाऱ्यावरूनच जाते.
वाळूत खुरीस, त्याच्या पायाशी कुणीतरी ठेवलेली पणती,
वाऱ्यानं अर्धी झालेली.
एवढ्याशा उजेडाला मासळी येत नाही.
मी मात्र थांबलो.

पुढं रापण लागली होती.
दोन रांगा, मागं मागं रेलणारी माणसं,
म्हातारे, बाया, शाळेच्या हाफ पँटीतलं एक पोरगं.
तोंड लपवत पलीकडून निघालो
तर बस्त्यावकाका, बापाचा दोरावरचा जोडीदार,
मान न वळवताच ओरडला:
"उभो काय रवलस? दोर धर!"

धरला.
काथ्या तळव्यात घुसला. विंचनं ओढून ओढून
मऊ पडले होते माझे तळवे.
खंय होतस, कधी इलस, कुणी विचारलं नाही,
ओढताना तेवढा दम कुणाकडेच नसतो.
सहाची घंटा झाली आणि रांग थबकली.
एका हातात दोर, दुसऱ्या हातानं खूण:
कपाळ, छाती, खांदा, खांदा.
शेजारच्या गाबतानं नुसतंच कपाळाला बोट लावलं.
माझा हात छातीपर्यंत गेला नि तिथंच राहिला,
आधी कुठला खांदा ते आठवेना.
तोवर लाट आली. ओढा म्हणाले. ओढलं.

फार नाही निघालं. थोडे पेडवे, चार सौंदाळे,
दोनेक टोपल्या बांगडे.
बस्त्यावकाका वाळूवर ढीग घालत गेला,
एकेका ढिगाला एकेक नाव.
रात्री तीनपासून ओढणाऱ्याला जेवढा,
शेवटच्या चार ओढींना आलेल्या मलाही तेवढाच.
"माका नको काका, मी आताच इलंय."
"दोराक हात लागलो, वाटो झालो," म्हणाला,
आणि शेजारच्या ढिगाकडे बोट केलं,
"ह्यो इनासचो. आवशीक नेऊन दी.
दर खेपेक जाता."

दर खेपेला.
म्हणजे मी उजेड पाडला
त्या प्रत्येक रात्रीनंतरच्या सकाळी.
ज्या सकाळी काहीच लागलं नसेल,
त्या सकाळचं काय दिलं असेल, विचारलं नाही.

इगर्जीत गारवा होता. हातांना वास.
खिशातलं तिकीट भिजून शाई फुटलेली,
वाचता येत होतं एवढंच: फादर, मी
गुडघे टेकले. पुढ्यात लाकडाची जाळी,
जाळीमागं कुणाचा तरी सर्दी झालेला श्वास.
तोंड उघडलं आणि निघालं ते हे:
"फादर, बांगडे आणलेत."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग खोकून, हळू आवाजात,
"बरं. किती वर्षांनी?"